क्यूचा शाफ्ट जॉइंटपाशी उकलतो: आवळण्यातला दोष की लाकडातला?

आठनंबर

दोन तुकड्यांच्या पूल क्यूचा (पूल खेळायच्या काठीचा) शाफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टिपेकडचा पुढचा तुकडा, जॉइंटकडच्या टोकाला, म्हणजे मागच्या जाड तुकड्याला (बटाला) जोडतात तिथे, उकलला आहे. शाफ्ट हार्ड मॅपलचा, टिपेपाशी १३ मिमी, जॉइंटपाशी २१.५ मिमी. जोडणारी आटेदार पिन ३/८-१० (३/८ इंच जाड, इंचाला १० आटे), बटात पक्की बसवलेली. शाफ्टमध्ये पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली, भोकात बसवायची नळी) नाही, आटे थेट लाकडात पाडलेले आहेत. तोंडाला १० मिमी लांबीची काळी फिनोलिक (कडक प्लास्टिकची) कॉलर, म्हणजे कडं, आहे.

चीर कॉलरच्या कडेखालून निघते आणि टिपेच्या दिशेने साधारण २५ मिमी जाते. तोंडाकडून पाहिलं तर काहीच दिसत नाही. ब्रेक (डाव उघडणारा जोरदार फटका) मारताना बारीक 'टक्' असा आवाज येतो. याच बटाच्या दुसऱ्या शाफ्टलाही त्याच जागी केसाएवढी रेघ दिसायला लागली आहे. ती लाकडाची आहे की नुसत्या पॉलिशची, ते कळत नाही.

जॉइंट दर वेळी गच्च आवळलेला असतो, सैल राहू देत नाही. मग फुटतो कशाने? आणि यात दुरुस्तीला वाव आहे का?

कातारी

जॉइंट हाताला गच्च लागणं आणि जॉइंटची दोन तोंडं एकमेकांवर बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रश्नाची गोम तिथेच असावी असं वाटतं. पण आधी लाकूड का उकलतं ते बघू.

मॅपल लांबीच्या दिशेने भरपूर मार सोसतं. तंतू आडवे, एकमेकांपासून दूर ओढले गेले की मात्र ते थोड्याशा ताणात सुटतं. जॉइंटपाशी २१.५ मिमी जाडीत ९.५ मिमीचं भोक पाडलं की भोवती ६ मिमीची भिंत उरते. कॉलर घालायची तर त्या टप्प्यात लाकूड १६ मिमीच्या आसपास उतरवावं लागतं, म्हणजे कॉलरखाली लाकडाची भिंत जेमतेम ३ मिमी. तिथे खरी ताकद कॉलरची आणि ती चिकटवणाऱ्या इपॉक्सीची असते. म्हणून कॉलर असलेल्या शाफ्टची चीर बहुतेक वेळा तोंडावर दिसतच नाही, कॉलर संपली की पुढे डोकावते. तुमचं तसंच झालं आहे.

आता भिंतीला आतून फाकवणारा जोर कुठून येतो? सर्वांत मोठा जोर सैल जॉइंटचा. दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून बसलेली असतात तेव्हा वाकण्याचा भार पूर्ण २१.५ मिमी रुंदीवर वाटला जातो आणि पिनेचं काम फक्त ती दाबून धरण्याचं असतं. तोंडांमध्ये फट राहिली की सगळा भार एकट्या पिनेवर. शाफ्ट २९ इंच म्हणजे ७३७ मिमी लांब. टिपेवर आडवा २ किलोचा दाब आला तर २५ मिमी खोल गुंतलेल्या पिनेच्या दोन टोकांशी भोकाच्या भिंतीवर जवळजवळ ६० किलोचा दाब येतो, एका टोकाला एका बाजूने आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूने. टिपेवर २ किलो ही काही मोठी गोष्ट नाही. क्यू टेकवून त्यावर रेलून उभं राहिलं तरी त्याहून जास्त होतं. ब्रेकला तर शाफ्ट वाकतोच.

त्यामुळे पुढचं काही सांगण्याआधी दोन मापं हवीत. बटाच्या तोंडापासून पिन किती बाहेर आहे ते कॅलिपरने मोजा. मग एखादी बारीक सरळ काडी शाफ्टच्या भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी नखाने खूण करा आणि ती लांबी मोजा. दोन्ही शाफ्टची वेगवेगळी. मोजण्याआधी भोक उपडं करून हलकं ठोका. आत मेण, खडूची पूड, लाकडाचा भुसा साचलेला असतो.

सरळरेषा

कातारींनी भाराचं सांगितलं, मी ओलाव्याचं सांगतो, कारण इन्सर्टवाल्या शाफ्टमध्ये बहुतेक चिरा त्याच्याच असतात.

हार्ड मॅपल ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने, म्हणजे स्पर्शरेषेत, ९.९ टक्के आटतं आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ४.८ टक्के. हे आटणं ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होतं, म्हणजे ओलाव्यातल्या दर १ टक्का फरकामागे स्पर्शरेषेत सुमारे ०.३३ टक्के. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ३० टक्क्यांत ६ वर येतो, ८० टक्क्यांत १६ वर जातो. दमट हवेत तयार झालेला किंवा पुरेसा न मुरवलेला शाफ्ट एसीच्या कोरड्या खोलीत गेला की चारपाच टक्के ओलावा सहज जातो.

आता मध्ये १२.७ मिमीचा पितळी इन्सर्ट धरा. लाकूड ४ टक्के सुकलं तर त्याचं भोक एका दिशेत ०.१७ मिमीने आणि दुसऱ्या दिशेत ०.०८ मिमीने आक्रसू पाहतं. पितळ हलत नाही. भोवतालची भिंत ४.४ मिमीचीच, तिला हा ताण सोसत नाही आणि लाकूड वलयांना काटकोनात, किरणांच्या रेषेत उघडतं. तोंडाकडून भिंगाने पाहा: चीर वलयांच्या रेघा सरळ ओलांडून बाहेर जात असेल तर सुकण्याचा संशय पक्का. तिरकी होऊन कडेला निघून जात असेल तर लाकडाची रेषाच तिरपी होती. तसला तुकडा शाफ्टसाठी कापायलाच नको होता.

इन्सर्टची आणखी एक तऱ्हा आहे, ती कारखान्यातच होते. बंद तळाच्या भोकात इपॉक्सी भरून इन्सर्ट फिरवत आत घातला की खालच्या गोंदाला बाहेर यायला वाट नसते. गोंद दाबला जात नाही, मग तो भिंत फाकवतो. म्हणून इन्सर्टच्या बाहेरच्या आट्यांवर उभी खाच काढतात, तीतून जादा गोंद आणि हवा वर येते. खाच नसेल तर चीर पहिल्याच दिवशी पडलेली असते. वर पॉलिश चढतं म्हणून दिसायला वेळ लागतो. समोरासमोर दोन चिरा असतील तर बहुधा हेच कारण.

तुमच्या शाफ्टला इन्सर्ट नाही, तेव्हा हे दोन्ही तुम्हाला थेट लागू नाही. पण लाकडी आटे दमट हवेत फुगून आवळ होतात आणि लोक ते जोर लावून फिरवतात, हेही ध्यानात असू द्या. आवळ लागलं तर जोर नको. शाफ्ट ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत दोनचार दिवस ठेवा, मग आट्यांना किंचित पॅराफिन मेण लावा. तेल कधीच नको. ते तंतूंमध्ये मुरतं आणि नंतर कुठलाही गोंद धरू देत नाही.

ब्रेकशॉट

एवढं मोजमाप कशाला? सैल जॉइंटमुळे फुटतो हे तुम्हीच म्हणताय, मग आणखी आवळा. शेवटी अर्धा फेरा जास्त दिला की संपलं.

कातारी

अर्धा फेरा म्हणजे ३/८-१० मध्ये १.२७ मिमी. तोंडं खरोखर टेकलेली असतील तर तेवढं फिरणारच नाही, आणि फिरलंच तर लाकडाचे आटे चिरडून फिरेल. टेकल्यावर दोन्ही भाग जॉइंटच्या जवळ धरून मनगटाने एक हलका आवळा पुरतो. दूरच्या टोकांना धरून पिळू नये; तिथे जोराचा अंदाज सुटतो.

आट्यांचा आकारही बघायला हवा. ३/८-१० च्या पिनेचे आटे सहसा सपाट तळाचे असतात, ते लाकूड मुख्यतः लांबीच्या दिशेने ओढतात. ६० अंशांचे धारदार आटे थेट लाकडात असतील तर प्रत्येक आटा पाचरीचं काम करतो आणि लांबीच्या ओढीच्या अर्ध्याहून जास्त, सुमारे ५८ टक्के जोर बाहेरच्या दिशेने लागतो. तिथे जास्तीचं आवळणं म्हणजे आपल्या हाताने लाकूड फोडणं.

तोंडं टेकलीत की नाही याची परीक्षा सोपी आहे. क्यू जोडा, जॉइंटच्या मागे दिवा धरा आणि सावकाश पूर्ण फिरवा. कुठेही उजेडाची रेघ दिसता कामा नये. किंवा साध्या कागदाची बारीक पट्टी फटीत सरकवून पाहा. कुठेही आत जायला नको. एकाच बाजूला जात असेल तर तोंड काटकोनात नाही किंवा कडेला मार लागून लाकूड उचललं गेलं आहे.

आठनंबर

मापं घेतली. पिन बाहेर ३१.० मिमी. पहिल्या शाफ्टचं भोक ३०.६, दुसऱ्याचं ३०.४. भोकातून चिमूटभर पिवळट पूड निघाली, तिच्यासकट मोजलं तर आणखी एक मिलिमीटर कमी. गच्च आवळल्यावरही कागद सगळीकडून दोनएक मिमी आत जातो.

कातारी

सापडलं. पिन तळाला टेकते आहे. हाताला जो गच्चपणा लागतो तो तोंडांचा नाही, पिनेच्या टोकाचा आहे. दर वेळी आवळताना पिनेचं टोक तळ पुढे ढकलतं आणि आटे लाकूड मागे ओढतात, म्हणजे भोकाच्या खोल भागातलं लाकूड दोन्हीकडून ताणलं जातं. त्यात वर फट राहिल्यामुळे खेळतानाचा सगळा आडवा भार पिनेवर. तोंडाला कॉलरने धरून ठेवलंय, तळाशी काहीच नाही, म्हणून चीर कॉलरच्या पलीकडे. दोन्ही शाफ्ट एकाच जागी जात आहेत तेव्हा लाकडाला बोल लावण्यात अर्थ नाही. ब्रेकचा 'टक्' आवाज त्या फटीचा किंवा चिरेचा. दोन्ही बंद केल्याशिवाय कोणता ते ठरवता येणार नाही, पण दोन्ही बंद करायचेच आहेत.

पूड काढून साफ केलं तरी ०.४ आणि ०.६ मिमी कमीच पडतात. पिनेच्या टोकापुढे निदान २ मिमी मोकळी जागा हवी, ३ असेल तर उत्तम. भोकं खोल करण्यापेक्षा पिन ३ मिमीने आखूड करणं बरं: एका कामात दोन्ही शाफ्ट सुटतात आणि पिन २८ मिमी आत गुंतली तरी भरपूर झालं. पण ग्राइंडर लावू नका. पिन तापली की बटातला इपॉक्सी मऊ पडतो आणि पिन सुटते. बटाच्या तोंडाला दोन पदरी मास्किंग टेप लावा आणि बारीक दाताच्या कानशीने सावकाश काढा. मधूनमधून पिनेला बोट लावून बघा, कोमट लागली तर थांबा. शेवटी टोकाची कड ४५ अंशात मारा आणि पहिल्या आट्याची धार घासून काढा, नाहीतर तीच धार शाफ्टच्या आट्यांमध्ये तिरकी शिरेल.

आणखी एक पाहा: शाफ्टच्या तोंडाशी भोकाची कड १ ते १.५ मिमी खोलीपर्यंत मोकळी केलेली आहे का. ती नसेल तर आवळताना पहिला लाकडी आटा वर उचलला जातो, तोंडावर बारीक कडं तयार होतं आणि सपाट तोंडं कधीच पूर्ण बसत नाहीत.

लेथमागे

दुरुस्तीचं मी सांगतो. तोवर दोन्ही शाफ्टने खेळणं बंद ठेवा. चिरेत हाताचं तेल आणि खडू शिरला की गोंद धरत नाही.

दुसऱ्या शाफ्टची रेघ आधी तपासा. पॉलिशची रेघ नखाला अडते पण पिन घालता-काढताना हलत नाही. लाकडाची चीर हलते: क्यू जोडून, भिंगातून बघत, दुसऱ्याला टिप हलकीशी बाजूला दाबायला सांगा. रेघेची रुंदी बदलली तर लाकूड गेलं आहे. भोकाच्या आतून स्पिरिटचा एक थेंब टाकून शाफ्ट आडवा धरला तरी कळतं, चीर ओल शोषून बाहेर काळी दिसते. स्पिरिट बाहेरून पॉलिशवर लावू नका, शेलॅक असेल तर विरघळेल.

पहिल्या शाफ्टसाठी पातळ सुपरग्लू सगळे सुचवतील. १० मिमीच्या आतल्या कोवळ्या चिरेला तो ठीक आहे. २५ मिमीच्या आणि रोज मार खाणाऱ्या चिरेला तो ठिसूळ पडतो. शिवाय एकदा आत वाळला की पुढे इपॉक्सीला जागा उरत नाही. तेव्हा सुरुवातीलाच संथ वाळणारा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचा नको.

चिरेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मध्ये फक्त रेघ उघडी ठेवा. इपॉक्सी नीट कालवून त्याची वाटी कोमट पाण्यात धरा, साधारण ४० अंशांना तो पातळ होतो. पण वेळही कमी मिळतो, तेव्हा एका वेळी थोडाच कालवा. चिरेवर लावा आणि जॉइंटच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी चिंध्यांनी सैलसर बसवून दोनतीन सेकंद ओढ द्या. गोंद चिरेतून आत ओढला जातो. आतल्या बाजूला ओली रेघ दिसेपर्यंत हे दोनतीनदा करायचं. हा भाग घाईत केला तर गोंद फक्त वरच्या अर्ध्या मिलिमीटरात बसतो, दिसायला दुरुस्ती सुरेख होते आणि पहिल्या ब्रेकला परत उघडते. नळीत गोंद जाऊ नये म्हणून मध्ये चिंधी हवीच.

मग टेप काढा, जादा गोंद पुसा, प्लास्टिकचा पातळ कागद एक वेढा गुंडाळा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची १५ मिमी रुंद पट्टी ताणून ताणून, कॉलरपासून चिरेच्या पुढे २० मिमीपर्यंत गुंडाळा. स्टीलचा होज क्लॅम्प थेट लाकडावर नको, तो एकाच ठिकाणी दाबतो आणि वण उठवतो. २४ तास हात लावायचा नाही.

उघडल्यावर ३/८-१० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आट्यांमध्ये आलेला गोंद काढा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, भुसा झटकत. इथे ३/८-११ चा टॅप चुकूनही घालू नका. दोन्हींच्या चालीत फेऱ्यामागे ०.२३ मिमीचा फरक आहे. दोनतीन फेरे जातात आणि मग आटे कापले जातात. टॅपवर खात्री नसेल तर २५.४ मिमीत आटे मोजा. टॅप मिळालाच नाही तर इपॉक्सी लावण्याआधी आट्यांना मेण लावून ठेवायचं, मात्र चिरेपासून मेण लांब ठेवणं जमलं पाहिजे, आणि ते सहसा जमत नाही.

शेवटी बाहेरून ४०० नंतर ६०० चा कागद, फक्त रेघेपुरता. जॉइंटचा व्यास घासून कमी झाला तर बटाशी पायरी लागते. भोकाच्या आत आणि तोंडावर पातळ शेलॅकचा एक हात द्या, कच्चं लाकूड तिथूनच ओलावा घेतं आणि सोडतं.

एवढं करूनही चीर उघडली, किंवा ती ४० मिमीच्या पुढे गेली, तर चिकटवण्यात वेळ घालवू नका. तेव्हा लेथवर १६ मिमीचं भोक ५० मिमी खोल पाडून त्यात लांबीच्या रेषेचा मॅपलचा गट्टू चिकटवतात, गट्टूवर गोंद निघायला उभी खाच असते, आणि मग त्यात नवं भोक आणि आटे. टिपेकडचं टोक सेंटरवर धरून, स्टेडी रेस्ट (लांब काम मध्ये डोलू न देणारा लेथचा आधार) लावून. हातड्रिलने हे करू नये. भोक अर्ध्या अंशानेही तिरकं गेलं तर ७३७ मिमी लांबीवर टिप साडेसहा मिलिमीटर बाजूला जाते, आणि शाफ्ट फिरवून पाहिला की डोलतो.

सरळरेषा

एक राहिलं: जॉइंट प्रोटेक्टर, म्हणजे क्यू सुटा असताना जॉइंटच्या टोकांवर फिरवून बसवायचं टोपण. शाफ्टच्या प्रोटेक्टरलाही पिन असते आणि तीही तळाला टेकू शकते. क्यू केसमध्ये असताना तो तासन्‌तास आवळलेला राहतो. त्याची पिनही त्याच काडीने मोजा. आणि प्रोटेक्टर नुसता टेकवायचा, आवळायचा नाही.

आठनंबर

प्रोटेक्टरची पिन २६ मिमी आहे, ती मोकळी जाते. दुसऱ्या शाफ्टची रेघ टिप दाबल्यावर हलली, म्हणजे लाकूडच. बटाची पिन कानशीने घ्यायला सुरुवात करतो. एक शंका: ३ मिमी काढल्यावर बटाचं वजन, तोल बदलेल का?

कातारी

पिन स्टीलची असेल तर ९.५ मिमीच्या ३ मिमी तुकड्याचं वजन दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. हाताला कळणार नाही. तुकडा काढल्यावर कागदाची पट्टी परत लावून पाहा. अजूनही एका बाजूने आत जात असेल तर शाफ्टचं तोंड लेथवर ०.१ मिमीने साफ करून घ्यावं लागेल. ते घरी सॅंडपेपरवर घासू नका, तोंड हमखास घुमटाकार होतं आणि फट मधून कडेला सरकते.